आवडता उमेदवार टाळण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

तुम्हाला कोण आवडतो हे आधी विसरा. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायला निघालेल्या सुज्ञ मतदाराला ही चैन परवडत नाही. आवडनिवड विशीतल्या पोरांसाठी आणि व्हरमाँटसारख्या डाव्या राज्यातल्या लोकांसाठी. तुमच्या डोक्यावर गृहकर्ज आहे, नागरिकत्वाची शपथ घेऊन झाली आहे, डेमोक्रॅट म्हणून नोंदणीही झाली आहे. आता एकच पाहायचं: निवडून कोण येईल? रिपब्लिकन असाल तरी हरकत नाही. पद्धत तीच, नावं तेवढी बदलून घ्या.

महाराष्ट्रात ‘इलेक्टिव्ह मेरिट’ तपासून तिकीट वाटायचं काम पक्षश्रेष्ठी करतात, कार्यकर्त्याने सतरंज्या उचलल्या की झालं. अमेरिकेतही पूर्वी बरंचसं असंच चालायचं. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं राज्यातलं मतदान) न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोत अधिवेशनाबाहेर पोलिसांनी युद्धविरोधी निदर्शकांना झोडपून काढलं आणि नोव्हेंबरात निक्सन निवडून आले. मग पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून डेलिगेट (अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) कोणाचे हे प्रामुख्याने प्रायमरी आणि कॉकसमधला (मतदारांच्या सभांमधला) साधा मतदार ठरवू लागला. श्रेष्ठींचा अधिकार असा तुमच्या हाती आला, आणि अधिकारासोबत त्यांची धास्तीही. तिकीटवाटपाच्या रात्री एखाद्या बंगल्यात चार जणांचा रक्तदाब जसा वाढतो, तसा तो इथे कोट्यवधींचा वाढतो, आणि वर्षभर उतरत नाही.

कामाला लागू. आधी एक मतदार तयार करावा लागतो. तो पेनसिल्व्हेनिया, मिशिगन किंवा विस्कॉन्सिन अशा काठावरच्या, निकाल फिरवणाऱ्या राज्यात राहतो. गोरा, पंचावन्नच्या पुढचा, गावातला कारखाना बंद पडलेला. सकाळी डायनरमध्ये अंडी खात बसतो आणि त्याच्यासमोर न्यूयॉर्कहून आलेला वार्ताहर वही उघडून बसलेला असतो. यापुढे प्रत्येक उमेदवाराकडे याच्याच डोळ्यांनी पाहायचं. सर्वांना सरकारी आरोग्यविमा? त्याला महाग वाटेल. बंदुकांवर निर्बंध? तो दुखावेल. बाई उमेदवार? त्याची हरकत नाही हो, त्याच्या शेजाऱ्याची असेल.

पथ्य एकच, पण कडक: या माणसाला प्रत्यक्ष भेटायचं नाही. भेटलात तर तो सांगेल की त्याने ओबामांना दोनदा मत दिलं, २०१६ च्या प्रायमरीत व्हरमाँटच्या डाव्या सँडर्सना दिलं आणि नोव्हेंबरात ट्रम्पना. अशी माणसं खरोखर निघतात. मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या प्रायमरी त्या साली सँडर्सनीच जिंकल्या होत्या, आणि देशभरातल्या त्यांच्या मतदारांपैकी साधारण दहातला एक पुढे ट्रम्पकडे गेल्याचं एका मोठ्या पाहणीत दिसलं. डावा, मधला, उजवा अशी तुम्ही जी पट्टी आखून ठेवलीत, तिच्यावर हा माणूस बसतच नाही. म्हणून भेटू नका. पट्टी मोडली तर शास्त्र बुडेल.

शेजाऱ्याचं प्रकरण जरा सविस्तर पाहू, खरी करामत तिथेच आहे. जून २०१९ मध्ये इप्सॉसच्या एका पाहणीत डेमोक्रॅट आणि अपक्ष मतदारांना विचारलं, स्त्री अध्यक्ष तुम्हाला चालेल का? ७४ टक्के म्हणाले, चालेल. तुमच्या शेजाऱ्यांना चालेल का? ३३ टक्के. म्हणजे जो तो पुरोगामी आणि ज्याचा त्याचा शेजारी मागासलेला. आता या सर्वांनी आपापल्या शेजाऱ्याच्या अडाणीपणाचा मान राखून पुरुषाला मत दिलं की स्त्री पडते, आणि ती पडली की शेजारी मागासलेला असल्याचा पुरावाही मिळतो. स्वतःच स्वतःला खरं ठरवणारं याहून पक्कं गणित सापडायचं नाही. २०२० च्या डेमोक्रॅटिक शर्यतीत उतरताना स्त्री सिनेटर चार होत्या. मार्च २०२० अखेर मैदानात उरले ७७ आणि ७८ वर्षांचे दोन गृहस्थ.

लोक काय म्हणतील यावर स्थळ पसंत करायची कला आपल्याला कोणी शिकवायला नको, पण अमेरिकेनेही २००४ साली त्यात कसर ठेवली नाही. व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन इराक युद्धाला उघड विरोध करून कार्यकर्त्यांची मनं जिंकून बसले होते. जानेवारीत आयोवाच्या कॉकसला जाता जाता मतदार भानावर आले. ‘डीनबरोबर फिरलो, लग्न केरीशी केलं’ अशा अर्थाची घोषणा बिल्ल्यांवर झळकली. केरींचं स्थळ कागदावर निर्दोष होतं: व्हिएतनाममध्ये लढलेले, तीन पर्पल हार्ट (युद्धात जखमी झाल्याबद्दलचं पदक), एक सिल्व्हर स्टार, एक ब्राँझ स्टार. युद्धकाळातल्या अध्यक्षासमोर शौर्यपदकांचा माणूस उभा केला, आता बोट कोण दाखवणार? ऑगस्टमध्ये ‘स्विफ्ट बोट’वाल्यांच्या (व्हिएतनाममध्ये तशाच गस्ती बोटींवर असलेल्या माजी सैनिकांच्या) जाहिरातींनी नेमकं पदकांकडेच बोट दाखवलं. न्यूयॉर्कच्या रिपब्लिकन अधिवेशनात काही प्रतिनिधी जांभळ्या हृदयाची चित्रं असलेल्या बँडएड लावून हिंडले. इकडे युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाला केरींनी २००२ मध्ये सिनेटमध्ये मत दिलेलं, त्यामुळे युद्ध चूक होतं असं ठणकावून सांगायचीही सोय उरली नाही. अध्यक्ष ठरवणारी, राज्याराज्यांच्या वाट्याची इलेक्टोरल मतं: बुश २८६, केरी २५१.

यातून भलता निष्कर्ष काढू नका. उमेदवार ठरवताना आपण मागच्या निवडणुकीतले हल्ले मोजतो आणि समोरचा पक्ष नवे हल्ले आपला उमेदवार पाहून बेततो, असं कोणी म्हणेल. तुम्ही म्हणायचं, पदकं कमी पडली.

इतिहास वापरताना हात राखून वापरा. मॅकगव्हर्न हे नाव कायम खिशात हवं. १९७२, युद्धविरोधी, तत्त्वनिष्ठ, ४९ राज्यं गमावली, पदरात मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन, मिळून १७ इलेक्टोरल मतं. तत्त्वाचा विषय निघाला की हे नाव टाकायचं, समोरचा गप्प होतो. मात्र वॉल्टर माँडेल हे नाव चुकूनही काढू नका. ते अनुभवी, सुरक्षित, माजी उपाध्यक्ष, पक्षातल्या सगळ्या वजनदार मंडळींना मान्य. १९८४ मध्ये त्यांनीही ४९ राज्यं गमावली आणि मतं मिळवली १३, म्हणजे मॅकगव्हर्नपेक्षा चार कमी. ड्युकाकिसही नकोत. ही निवडणूक विचारसरणीची नसून कार्यक्षमतेची आहे, असं त्यांनी १९८८ च्या अधिवेशनात सांगितलं होतं. त्यानंतर गॅलपच्या पाहणीत १७ गुणांची आघाडी मिळाली, नोव्हेंबरात ४० राज्यं गेली. रिपब्लिकन वाचकांनी १९६४ चे, टोकाचे म्हणून दणकून हरलेले गोल्डवॉटर पाठ करावेत आणि १९८० चे रेगन विसरावेत. तेही टोकाचे ठरले होते, शिवाय वय ६९. त्यांनी ४४ राज्यं जिंकली. रोमनी निवडून येण्याजोगे होते, २०१२ मध्ये हरले. ट्रम्प निवडून येण्याजोगे नव्हते, पुढचं तुम्ही जाणताच.

जनमत पाहण्या रोज वाचा, तळटीप सोडून. हजार जणांच्या पाहणीत चूक अधिक-उणे तीन टक्क्यांची असते, तीही एकाच उमेदवाराच्या आकड्यात. दोघांमधल्या अंतरात ती जवळपास दुप्पट होते. उपनगरातल्या महिला किंवा कृष्णवर्णीय तरुण असा शंभर जणांचा तुकडा वेगळा काढला की दहा टक्क्यांवर जाते. तेव्हा ‘आपला क्रमांक एक ट्रम्पना चार गुणांनी हरवतो, क्रमांक दोन दोनच गुणांनी’ हे मतदानाच्या वर्षभर आधीचं वाक्य ज्योतिषाच्या खात्यात जमा होतं. तरी जेवणाच्या टेबलावर ते आकडा म्हणूनच वाढायचं.

पुढे जायची हौस असेल तर विरोधी पक्षाचाही उमेदवार निवडून पाहा. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर पॅट ब्राउन यांच्या मंडळींना १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर क्रिस्टोफर यांची भीती होती. त्यापेक्षा तो सिनेनट परवडला, म्हणून त्यांनी क्रिस्टोफर यांच्याबद्दलची नको ती माहिती बाहेर सोडली. सिनेनट रेगन जवळजवळ दहा लाख मतांनी जिंकले. एप्रिल २०१५ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या गोटातल्या एका टिपणात सुचवलं होतं की क्रूझ, ट्रम्प आणि कार्सन यांना माध्यमांनी गांभीर्याने घ्यावं असं पाहा. माध्यमांनी घेतलं.

तत्त्ववाद्यांना हसायचं असेल तर खुशाल हसा, त्यांचा स्वतःचा काल्पनिक मतदार आहेच. तो तेविशीतला असतो, आजवर त्याने मत दिलेलं नसतं आणि खरा उमेदवार दिसताच तो लाखोंनी उठून केंद्रावर येणार असतो. २०२० मध्ये तो अपेक्षेएवढा आला नाही, हे खुद्द सँडर्सनी मान्य केलं. डायनरवाला आणि तेविशीतला, दोघांची कुठे गाठ पडली तर दोघंही एकमेकांना उमेदवाराचं नाव विचारतील.

आता प्रत्यक्ष मतदान. डेमोक्रॅटिक प्रायमरीत राज्यातून किंवा अमेरिकी संसदेच्या एखाद्या मतदारसंघातून १५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्या उमेदवाराला तिथले डेलिगेट मिळत नाहीत. १४.९ टक्के म्हणजे शून्य. त्यामुळे आपला माणूस १५ ओलांडेल का, हाही अंदाज इतरांच्या अंदाजावरूनच बांधायचा. टपाली मत लवकर पाठवायची घाई करू नका. १ मार्च २०२० ला बुटिजज शर्यतीतून बाहेर पडले, २ तारखेला क्लोबुशार बाहेर पडल्या, दोघांनीही बायडनना पाठिंबा दिला आणि ३ तारखेला १४ राज्यांत मतदान. ज्यांनी आठवडाभर आधी उत्साहाने पाकीट टाकलं होतं, त्यांचं मत घरी परतलेल्या उमेदवाराला गेलं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हेच बायडन निवडून येण्याजोगे नव्हते बरं का, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. मग साउथ कॅरोलायनात खासदार क्लायबर्न यांचा पाठिंबा मिळाला, ४८ टक्क्यांहून जास्त मतं पडली, आणि ‘निवडून येणारा माणूस’ ही पदवी तीन-चार दिवसांत परत मिळाली. दरम्यान त्यांच्या धोरणातलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

एडिसनमधल्या मराठी मंडळींना मात्र एवढी डोकेफोड लागत नाही. न्यू जर्सीची प्रायमरी साधारण जूनमध्ये. २०१६ साली ती ७ जूनला होती आणि क्लिंटन यांचं बहुमत झाल्याचं असोसिएटेड प्रेसने ६ जूनला जाहीर करून टाकलं. तुम्ही तत्त्वाला मत द्या की व्यवहाराला, वाहनतळ चांगला मिळतो.

उरलेल्या तत्त्वांची व्यवस्था पक्ष करतो. २०२० मध्ये बायडन आणि सँडर्स यांच्या माणसांनी एकत्र बसून ११० पानांचा शिफारशींचा दस्तऐवज केला. सर्वांसाठी सरकारी विमा त्यात नव्हता, बाकी बरंच होतं. पराभूत विचारांना इतकी प्रशस्त जागा आपल्याकडच्या जाहीरनाम्यातही मिळत नाही.

शेवटी निकाल. उमेदवार जिंकला तर आधीच सांगितलं होतं म्हणा, आणि २०२० मध्ये विस्कॉन्सिन, जॉर्जिया आणि ॲरिझोना मिळून जेमतेम ४३ हजार मतांचा फरक होता हे बोलू नका. हरला तर दोष तिसऱ्याला मत देणाऱ्यांचा: फ्लोरिडा, २०००, फरक ५३७ मतांचा, तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना ९७ हजार. २०२४ जरा अवघड जाईल. निवडून येण्याचं मूर्तिमंत प्रमाणपत्र असलेले बायडन २७ जूनला वादसभेत अडखळले, २१ जुलैला बाजूला झाले. त्या वर्षीच्या प्रायमरीत जिचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं ती कमला हॅरिस उमेदवार झाली आणि २२६ इलेक्टोरल मतांवर थांबली. दोष कुणाचा यावर पक्षात अजून एकमत नाही. तोवर २०२८ साठी नवी मागणी बाजारात आलीच आहे: काठावरच्या राज्याचा गव्हर्नर, शक्यतो पुरुष, शक्यतो शर्टाच्या बाह्या दुमडलेला. त्याची तत्त्वं काय, हे त्याला इतक्यात विचारू नका. त्यावरची पाहणी अजून हाती यायची आहे.