हेतू सापडला म्हणजे खुनी सापडला?

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात त्यावर ‘रहस्यकथांनी शिकवलेली चार सत्यं’ असा मेसेज आला. दोन दिवसांत तोच माहेरच्या ग्रुपवर आला, मग भाचीनेही पाठवला. चार सत्यं अशी : हेतू शोधा, खुनी आपोआप सापडतो. खुनी कितीही हुशार असो, मन खातं आणि तो कबूल करतोच. मेलेला माणूस नीच असेल तर तो खून नव्हे, न्याय. खुनी पकडला की न्याय झाला.

मी २९ वर्षं कोर्टात लघुलेखक होते. सेशन्सच्या, म्हणजे खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांच्या, खटल्यांतल्या साक्षी उतरवण्यात नोकरीची वर्षं गेली आणि संध्याकाळी करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेल्या रहस्यकथा वाचण्यात सुट्ट्या गेल्या. दोन्हीवर माझा जीव आहे. त्यामुळे हा मेसेज तसाच पुढे ढकलणं मला जमलं नाही.

पहिल्या सत्यापासून सुरुवात करते, कारण बाकीची तीन त्याच्याच आधाराने उभी आहेत. नेहमीची रहस्यकथा घ्या. वाड्यातला म्हातारा मरतो. पुतण्याला इस्टेट हवी असते, सुनेला जुना अपमान सलत असतो, दिवाणजीने हिशोबात घोळ घातलेला असतो, डॉक्टरला एक पत्र परत हवं असतं. म्हणजे हेतू सगळ्यांकडे आहे. लेखक तो मुद्दाम सगळ्यांना वाटून देतो. एकालाच दिला तर गोष्ट विसाव्या पानावर संपेल. मग गुप्तहेर एकावरच बोट ठेवतो ते कशावरून? पाऊस नसलेल्या रात्री ओल्या असलेल्या छत्रीवरून, दोन वेळा लावलेल्या कुलपावरून. कोणी काय केलं त्यावरून. कोणाच्या मनात काय होतं त्यावरून नव्हे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ मध्ये या कथांसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगार सुरुवातीलाच वाचकाला भेटलेला असावा, योगायोगाने किंवा अंतःप्रेरणेने गुप्तहेराचं काम होऊ नये, सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये, असे ते नियम. त्या दहांत हेतूबद्दल एकही नाही.

आता कोर्टाकडे या. पुण्याच्या शरद सारडा खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये परिस्थितीजन्य पुराव्याच्या, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून मिळणाऱ्या पुराव्याच्या, पाच कसोट्या सांगितल्या. वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. प्रत्येक परिस्थिती पक्की शाबीत झाली पाहिजे, ती आरोपीच्या दोषाशीच जुळली पाहिजे, निर्णायक असली पाहिजे, दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये, आणि साखळी पूर्ण हवी. इथेही हेतू स्वतंत्र कसोटी म्हणून नाही. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल तेव्हा हेतूला वजन येतं, हे खरं आहे. पण तो साखळीतली एक कडी म्हणून. कायद्यात हेतू आणि उद्देश हे शब्दही वेगळे आहेत. मारायचंच म्हणून वार केला, हा उद्देश. का मारायचं होतं, हा हेतू. उद्देश किंवा जाणीव, म्हणजे याने माणूस मरेल हे ठाऊक असणं, शाबीत करावीच लागते. हेतू अंधारात राहिला तरी शिक्षा होऊ शकते.

आणि आपण कोल्हापूरकरांनी तरी हे विसरू नये. गावित बहिणींचा खटला आपल्याच सत्र न्यायालयात चालला, २००१ मध्ये फाशी इथेच सुनावली गेली. लहान मुलं पळवायची, चोऱ्या करताना त्यांना सोबत न्यायचं, आणि मूल अडचणीचं झालं की मारायचं. एका मुलीच्या बाबतीत जुनं कौटुंबिक वैर होतं आणि धागा तिथून हाती आला, हे मान्य. पण बाकीच्या मुलांचं काय? गर्दीतून उचललेल्या लेकराशी कोणाचं वैर असणार? ‘याच्या मरणाने फायदा कोणाचा’ असं त्या आईबापांच्या ओळखीपाळखीत कितीही विचारत फिरलं असतं, तरी एक नाव मिळालं नसतं. उलट एखाद्या चुलत्याचा बांधावरचा वाद निघाला असता आणि तो विनाकारण भरडला गेला असता. हेतूमागे आंधळेपणाने धावण्यातला धोका हा आहे. भांडण कुठल्या घरात नसतं?

दुसरं सत्य कबुलीचं. ग्रुपमधल्या एका मामांनी लिहिलं, “मन खातंच की ओ माणसाला.” खातं, मामा. खरं कोणाचं खातं ते मी जवळून पाहिलंय. साक्षीच्या पिंजऱ्यात हुंदका फुटून “चूक माझीच, मी त्या रात्री त्याला एकटं सोडायला नको होतं” असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा मयताचा भाऊ असायचा, नाहीतर आई. हात थरथरायचे ते पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढलेल्या खऱ्या साक्षीदाराचे. अपराधी वाटणं वेगळं आणि अपराधी असणं वेगळं, हा फरक आपली भाषा इतका स्वच्छ करते. आपणच तो पुसतो.

म्हणूनच पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आलंय. मॅजिस्ट्रेटपुढे कबुली द्यायची तर त्यांनी आधी बजावून सांगावं लागतं की, तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. भीतीने, माराने, घरच्या कोणाला वाचवायला माणूस बोलतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून गुप्तहेर बोलत जातो आणि खुनी ओरडून उठतो, तो प्रसंग मलाही आवडतो. पण नीट वाचा : चांगल्या लेखकाने तोवर कबुलीची गरजच ठेवलेली नसते.

तिसरं सत्य वाचून मात्र मला त्रास झाला. मेलेला नीच होता, तर तो न्याय. तो नीच होता हे आपल्याला कथेत कोण सांगतं? पुतण्या, सून, दिवाणजी. म्हणजे ज्यांना त्याच्या मरणाचा फायदा आहे तेच. कोर्टात प्रत्येकाची उलटतपासणी होते, आरोपीलाही आपलं म्हणणं मांडता येतं. ज्याला कागदोपत्री शेवटपर्यंत ‘मयत’ म्हटलं जातं, त्याला काहीच बोलता येत नाही.

नानावटी खटला आठवा. २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम अहुजा याला गोळ्या घातल्या आणि स्वतः पोलिसांकडे हजर झाले. कोणी मारलं, का मारलं, यात रहस्य काहीच नव्हतं. लोकांची सहानुभूती कमांडरच्या बाजूने होती आणि ज्यूरीने, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. गंभीर आणि अचानक प्रक्षोभ असेल तर कायदा गुन्हा खालच्या पायरीवर आणतो; एवढी माणुसकी त्यात आहे. पण इथे मध्ये सुमारे तीन तास गेले होते. बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, मग अहुजाचं घर गाठलं. १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. त्या माफीबद्दल वाद घालता येईल. पण माफी ही गुन्हेगारालाच द्यावी लागते. खून झालाच नाही, असा तिचा अर्थ होत नाही. हेतू समजून घ्यावा, शिक्षेच्या वेळी त्याचा विचारही व्हावा. हेतू समजला म्हणून मेलेल्याचा हक्क संपतो, हे मला कधीच मान्य होणार नाही.

चौथ्याबद्दल थोडक्यात. खुनी पकडला जातो तिथे पुस्तक मिटतं, आणि आमचं काम तिथून सुरू व्हायचं. गावित बहिणींची फाशी हायकोर्टाने कायम केली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केली. पुढे दयेच्या अर्जात वर्षानुवर्षं गेली आणि त्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने तिची जन्मठेप केली. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, बसतंय. त्याआधी अपिलाची तारीख म्हटली की लोक रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबईला जायचे.

एका निकालानंतर मयताची बायको माझ्या टेबलापाशी आली होती. आरोपीला जन्मठेप झाली होती. तिने त्याबद्दल काहीच विचारलं नाही. “बाई, त्यांचं घड्याळ मुद्देमालात हाय. पोराला पायजे, मिळंल का?” मी तिला निकालाची शेवटची ओळ वाचून दाखवली. मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यानंतर परत द्यावा, असं त्यात होतं. अपील दाखल झालं. पुढे ती दर दोनतीन महिन्यांनी यायची, तेवढंच विचारायची आणि परत जायची.