मागणी रास्त आहे, पण…

संप जाहीर झाला की सगळ्यात आधी घाबरून जायचं नाही. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडायचा आणि शांतपणे टाइप करायचं, "मागणी रास्त आहे, पण पद्धत चुकीची आहे." झालं काम. या एका वाक्यावर एसटी, शेतकरी, शिक्षक, नर्स, अंगणवाडीताई, बँका असे सगळे संप निघतात, आमच्या नवी पेठेतल्या बिल्डिंगमधल्या काकांनी काढलेत. मागणी काय आहे हे माहीत असायची गरज नाही, उलट माहीत नसलं की वाक्य जास्त ठाम येतं. कोणी आगाऊपणे विचारलंच की मग बरोबर पद्धत कोणती, तर म्हणायचं "चर्चेतून मार्ग काढावा". आता चर्चा गेली चार वर्षं चालूच होती आणि तिच्यातून चहा-बिस्किटांशिवाय काही निघालं नव्हतं, पण तो तपशील झाला आणि सुजाण नागरिकाने तपशिलात शिरायचं नसतं.

मग अ‍ॅम्ब्युलन्स काढायची. मोर्चा अलका चौकात असो नाहीतर कलेक्टर कचेरीवर, आपण घरात पंख्याखाली असलो तरी चालतं, फक्त विचारायचं, "आणि यात एखादी अ‍ॅम्ब्युलन्स अडकली असती तर?" पुण्यात ही अ‍ॅम्ब्युलन्स फक्त मोर्चाच्याच दिवशी बाहेर पडते. विसर्जन मिरवणूक २८-३० तास चालते तेव्हा ती कुठे असते गणपतीलाच ठाऊक, आणि रविवारी सकाळी आपण मिसळीच्या दुकानासमोर गाडी डबल पार्क करून "पाचच मिनिटं हो" म्हणतो तेव्हा तर बहुतेक सर्व्हिसिंगला दिलेली असते. मोर्चातली पोरं खरी अ‍ॅम्ब्युलन्स आली की कशी दोन बाजूला होतात हे बघितलेलं असेल तर ते ग्रुपवर सांगायचं नाही, मूड जातो लोकांचा.

कौतुक अजिबात करायचं नाही असं माझं म्हणणं नाही. करायचं, पण नीट निवडून. मार्च २०१८ला नाशिकहून शेतकरी निघाले, आदिवासी भागातले बरेचसे, वनजमिनीचे पट्टे नावावर करा म्हणून, १८० किलोमीटर चालत मुंबई. शेवटच्या रात्री झोपले नाहीत, मध्यरात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालत सुटले, का तर सकाळी दहावीच्या पोरांचे पेपर होते, ट्रॅफिक नको. काय भारावलो होतो आपण सगळे! पायाचे फोटो फॉरवर्ड केले, सोललेले तळवे, तुटलेल्या चपला, खाली हात जोडलेले इमोजी. आंदोलन असावं तर असं, आपण झोपेत असताना जाणारं. वनहक्क कायदा २००६चा आहे आणि त्याच्याच अंमलबजावणीसाठी लोकांना २०१८मध्ये चालावं लागतं हे मात्र त्या फोटोखाली कोणी लिहिलं नाही, फोटोत मावलं नसतं. पुढे २०१९ला परत निघाले, २०२३ला परत निघाले, तोपर्यंत आपले इमोजी संपले होते.

मराठा मूक मोर्चाचंही तसंच. २५ सप्टेंबर २०१६, पुण्यात लाखो माणसं रस्त्यावर आणि घोषणा एक नाही, मागून स्वयंसेवक पोरं पाण्याच्या बाटल्या उचलत येतायत. "शिस्त बघा शिस्त!" शिस्तीचं इतकं कौतुक केलं की हे लोक काय मागतायत ते विचारायला वेळच उरला नाही. तुम्ही बोललाच नाहीत तर आम्ही ऐकायचं तरी काय, म्हणा.

आता अंतराचा नियम, हा पाठच करून ठेवा. आंदोलन जितकं लांब तितकं ते महान. श्रीलंकेत जुलै २०२२ला लोक राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात घुसले, स्विमिंग पुलात उड्या मारल्या, तो व्हिडिओ मला चौघांनी पाठवला, "जनता जागी झाली की असं होतं" म्हणून. त्यातल्या एकाने बालगंधर्व चौकात पंधरा अंगणवाडीताई बॅनर धरून उभ्या होत्या तेव्हा ट्रॅफिक पोलिसाला फोन केला होता. पॅरिसला क्रांती, दिल्लीला षड्यंत्र, मुंबईला वैताग आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी असेल तर सरळ गुन्हा, असं साधारण कोष्टक आहे.

आणि हे मी नुसतं म्हणत नाही, मार्च २०२३ आठवा. तिकडे फ्रान्समध्ये निवृत्तीचं वय ६२चं ६४ करायला निघाले म्हणून लोक रस्त्यावर, पॅरिसचे सफाई कामगार संपावर, त्या सुंदर शहरात फुटपाथवर कमरेएवढ्या कचऱ्याच्या पिशव्या. आमच्या ग्रुपवर काय सूर, "याला म्हणतात जागरूक समाज! दोन वर्षांसाठी देश बंद पाडला!" त्याच आठवड्यात, म्हणजे बघा, १४ मार्चला आपल्याकडे राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले, एकच मिशन जुनी पेन्शन. नोव्हेंबर २००५नंतर जे लागले त्यांना जुनी पेन्शन नाही, पगारातून कापायचं, सरकारने वर घालायचं, ते बाजारात लावायचं आणि शेवटी जे काय हातात येईल ते येईल. इथे मात्र सूर बदलला. "माजलेत. काम शून्य. सगळ्यांना घरी बसवा." दोन्ही मेसेज एकाच नंबरवरून आले होते, मधे फक्त एक गुड मॉर्निंग.

बरं पॅरिसच्या कचऱ्याचं एवढं कौतुक करणाऱ्यांना मी आपलं सहज विचारलं, २०१७चा एप्रिल-मे आठवतो का? उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी डेपोला आग लागल्यावर आपल्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या. त्यांचं म्हणणं इतकंच की वर्षानुवर्षं तुमचा कचरा आमच्या विहिरीत झिरपतोय, आता बास. तेव्हा पुण्यात पेठापेठांत कंटेनर भरून वाहत होते आणि आपण नाकाला रुमाल लावून विचारत होतो, "पण मग आम्ही टाकायचा कुठे?" यावर ग्रुपवर अर्धा तास शांतता, नंतर कोणीतरी उन्हाळ्यात ताक पिण्याचे फायदे टाकले.

काकांचं सांगतो, कारण या विषयातले ते आमचे गुरू. काका राज्य सरकारच्या एका खात्यातून रिटायर झाले, जुनी पेन्शन. मार्चच्या त्या आठवड्यात जिन्यात भेटले तर नुसते पेटलेले, "अरे या लोकांना लाज आहे का? आमच्या वेळी असं नव्हतं." मी म्हटलं काका, तुमच्या वेळी म्हणजे ७७ साली ५४ दिवसांचा संप झाला होता ना राज्य कर्मचाऱ्यांचा? एकदम चेहरा खुलला त्यांचा, तिथेच पायरीवर बसले, हातातली दुधाची पिशवी मांडीवर. महागाई भत्ता केंद्राइतका द्या म्हणून कसे बाहेर पडले, दोन महिने पगार नाही, काकूंच्या पाटल्या कशा गहाण ठेवल्या, वाण्याने उधारी कशी दिली, साहेब घरी येऊन कसा दम देऊन गेला. वीस मिनिटं. डोळ्यांत पाणी आलं हो माणसाच्या. म्हटलं, मग हे आत्ताचे लोक पण तेच… तर उठले, पिशवी झटकली, "ते वेगळं होतं. तेव्हा मागणी रास्त होती."

हे "ते वेगळं होतं" पण लिहून ठेवा, फार उपयोगी. आपण पुणेकरांना तर विशेष. लोकमान्यांना २२ जुलै १९०८ला सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडाले, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस काम बंद पाडलं, गोळीबार झाला, माणसं मेली. आपण लोकमान्यांच्या पुतळ्याला हार घालतो, नावाच्या रस्त्यावरून रोज जातो आणि त्याच रस्त्यावर तीनशे लोक झेंडे घेऊन आले की हॉर्नवरचा हात काढत नाही. ते वेगळं होतं. रविवारची सुट्टीसुद्धा गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगार जमवून, सभा घेऊन, अर्ज करकरून १० जून १८९०ला पदरात पाडली, पण म्हणून काय रविवारी दुपारी भर आमरसाच्या वाटीवर त्याची आठवण काढायची? तेही वेगळंच.

दोन वाक्यं अशी आहेत की एकमेकांपासून लांब ठेवायची, विजेच्या वायरीसारखी. पहिलं, "यांना काढून टाका, बाहेर लाखो सुशिक्षित बेरोजगार अर्ध्या पगारात काम करायला तयार आहेत." हे नोकरीवाले संपावर गेले की वापरायचं. दुसरं, "सरकारी नोकरीच्या मागे कशाला लागतात, वडापावची गाडी टाका." हे तेच लाखो सुशिक्षित बेरोजगार शास्त्री रोडवर येऊन बसले की वापरायचं. ऑगस्ट २०२४ला बसले होते ना, एमपीएससीची पूर्व आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला, दोन्हीचे फॉर्म भरलेली पोरं, त्यांनी काय अर्धं इकडे अर्धं तिकडे बसायचं होतं का? पावसात रस्त्यावर बसली आणि परीक्षा पुढे गेली. म्हणजे चुकीची पद्धत चालली म्हणायची. हे उघड बोलायचं नाही, उद्या सगळेच बसतील.

काकांकडे पोटमाळ्यावर तीन कॉट आहेत. कॉट बेसिसवर पोरं ठेवतात, दर कॉट साडेतीन हजार, पंखा तिघांत एक, गिझर सकाळी सात ते साडेसात. परभणीचा एक, सोलापूरकडचा एक, एक चोपड्याचा. त्या आंदोलनात तिघेही रात्रभर रस्त्यावर होते, पहाटे भिजून आले तर काका दारातच. "काय रे, शिकायला आलात का धिंगाणा घालायला?" परभणीवाला म्हणाला, "काका, चार वर्षं झाली, वय संपत आलं." काका म्हणाले, "ते ठीक आहे, पण भाडं पाच तारखेलाच पाहिजे." मी हे ऐकलं आणि मान खाली घालून पेपर उचलून आत गेलो, कारण मीही आदल्या रात्री गाडी अडकली म्हणून स्टेटस टाकला होता, "पुण्यात नियोजन नावाची गोष्ट आहे का?" त्याला बेचाळीस जणांनी बघितलं.

आणि एसटीचं तर मी बोलूच नये. ऑक्टोबर २०२१ला सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२पर्यंत चालला, एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण करा म्हणून. दिवाळीत आम्हाला गावी जायचं होतं, स्वारगेटला फलाटावर कुत्री झोपलेली, बाहेर खासगीवाला साताऱ्याचे पाचशे म्हणत होता. दिले. गाडीत बसल्या बसल्या सगळ्यांनी मिळून शिव्या कोणाला दिल्या? पाचशे घेणाऱ्याला नाही हां, तो बिचारा अडीअडचणीला उभा राहिला. शिव्या एसटीवाल्यांना. "सणाच्या तोंडावर!" सण नसताना केला असता तर आपल्याला कळलाच नसता हा भाग वेगळा. गावी स्टँडबाहेर आमच्या गाडीचे नेहमीचे कंडक्टर हातगाडीवर वांगी-मिरच्या विकत उभे होते, लांब पट्ट्याच्या पिशवीची सवय होती ना, तर गल्ल्याचे पैसे तसेच बोटांच्या बेचक्यात घडी घालून धरलेले, दहाच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या. पगार किती हो, विचारलं, त्यांनी सांगितला. मी अर्धा किलो वांगी जास्त घेतली. मला वाटतं माझ्या हातून सामाजिक कार्य म्हणावं असं एवढंच झालं असेल.

शेतकऱ्यांचं दिल्लीच्या सीमेवरचं वर्षभराचं आंदोलन तर काही विचारू नका. 'आंदोलनजीवी' हा शब्द फेब्रुवारी २०२१ला राज्यसभेत पंतप्रधानांनीच आयता करून दिला, त्यामुळे आपली मेहनत वाचली. तीन शेती कायदे आले तेव्हा मास्टरस्ट्रोक लिहिलं होतं, १९ नोव्हेंबरला मागे घेतो म्हणाले तेव्हा तेच कॉपी-पेस्ट केलं.

काही संप जिंकतात. तेव्हा काय करायचं? फायदा निमूटपणे घ्यायचा आणि "एवढं कशाला करायचं होतं, सरकार देणारच होतं" असं म्हणायचं. आणि हरले, तर "मी सांगितलंच होतं". ८२चा गिरणी संप यासाठी कायम खिशात ठेवा, अडीच लाख कामगार, दत्ता सामंत, काय झालं शेवटी? गिरण्यांच्या जागेवर आज मॉल आणि टॉवर आहेत, आपण लेकाला घेऊन तिथे पिक्चर बघायला जातो, ही जमीन कोणी विकली आणि पैसे कोणाचे झाले असलं पॉपकॉर्न खाताना विचारू नये. दोष कामगारांचा, त्यांनी संप केला.

एवढं लिहून होतंय तोवर काकांचा आवाज आला जिन्यातून. हातात मोबाईल लांब धरलेला, चष्मा कपाळावर. "अरे, जरा बघ रे यात, महागाईचा फरक जमा झाला का ते? वाढवलाय म्हणे परत. आणि आत्ताच बघ, उद्या बँकवाल्यांचा संप आहे, मेल्यांना दुसरा दिवसच सापडत नाही."