पोरगं फोनसाठी तयार झालं हे ओळखायचं कसं

पोराला फोन द्यायचं योग्य वय कोणतं असं विचारणारे पालक बघितले की मला त्यांची कीव येते, कारण ते वय भलत्याचंच मोजत असतात. पोराचं काय बघताय, फोनचं वय बघा. तुमचा आत्ताचा फोन तीन-चार वर्षांचा झालाय, सकाळी शंभर टक्के चार्ज करून निघालात तरी दादर यायच्या आत बॅटरी लाल होते, कोपऱ्यात काच तडकलीये, आणि एक्सचेंजवाल्याने त्याची जी किंमत सांगितली ती ऐकून तुमचा स्वतःचा पाणउतारा झाल्यासारखं वाटलं, तर अभिनंदन, तुमचं मूल मॅच्युअर झालेलं आहे. "एवढ्यात घालवण्यापेक्षा याला देऊन टाकू" हे वाक्य तोंडातून निघालं की निर्णय झाला. बालमानसशास्त्र वगैरे नंतर सावकाश बघता येतं.

तुम्ही वाचणारे लोक असाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना कुणीतरी पाठवल्या असतीलच, पहिल्या वर्षी स्क्रीन अजिबात नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात, दोन वर्षांपर्यंत शून्य. छान आहे. वाचा, अंगठा द्या, फॅमिली ग्रुपवर टाका. पण वरणभात भरवायला ते डॉक्टर काही तुमच्याकडे येणार नाहीयेत. चौथ्या घासाला तोंड बंद झालं की घरोघरी एकच इलाज, समोर बडबडगीतांचा व्हिडिओ लावायचा आणि आ वासलेल्या तोंडात चमचा सारायचा, आणि वाटी रिकामी झाल्यावर आजीने कौतुकाने सांगायचं की आमच्या बाळाला ना, स्किप अ‍ॅड पण कळतं. म्हणजे ज्या निर्णयासाठी तुम्ही पाचवी-सहावीत डोकं धरून बसलाय तो वरणभाताच्या वाटीशेजारीच झालेला आहे. आता फक्त हँडसेट वेगळा करायचाय, थोरल्याचा संसार वेगळा मांडून देतात ना, तसा.

कागदोपत्री काही अडचण नाही. १८ वर्षांखालच्याला सिम मिळत नाही, त्यामुळे ते तुमच्याच नावावर, पोराने पुढे त्या नंबरवरून काय दिवे लावले तरी केवायसीत फोटो तुमचा. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाला किमान वय १३ लागतं, त्याचंही टेन्शन नको, जन्मसालाच्या जागी बोट वर-खाली फिरवलं की पोरगं दोन सेकंदात मोठं होतं. एरवी तुम्ही त्याला खोटं बोललं की देवबाप्पा बघतो असं सांगता, पण देवबाप्पा टर्म्स अँड कंडिशन्स वाचत नाही, कोणीच वाचत नाही. २०२३ च्या डेटा कायद्यात तर १८ पर्यंत सगळे बालकच धरलेत आणि पालकांची पडताळणी केलेली संमती हवी असं म्हटलंय. ती कशी घ्यायची ते कंपन्या बघतील, पण शेवटी ओटीपीच येणार ना? तो तुमच्या फोनवर येणार, आणि तुमचा फोन संध्याकाळी कुणाच्या हातात असतो हे तुम्हाला माहितीये.

घरात विरोध झाला, म्हणजे सासूबाई किंवा एखादा शहाणा दीर आडवा आला, तर एकच शब्द वापरायचा, सेफ्टी. बाकीच्या शहरातल्या पालकांना कारणं शोधत बसावं लागतं, मुंबईकरांकडे २६ जुलै आहे. २००५ साल, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, गाड्या बंद, रस्ते पाण्याखाली, पोरं शाळांमध्ये अडकलेली, एवढं सांगितलं की समोरचा गप्प. "उद्या परत तसं झालं तर?" असं म्हणून एक उसासा टाकायचा. फक्त त्या दिवशी मोबाईलचं नेटवर्कच झोपलं होतं, खिशात फोन असलेले बाप कलानगरच्या सिग्नलला छातीभर पाण्यात हॅलो हॅलो करत होते आणि पोरं शाळेच्या बाकांवर झोपली किंवा कुणा अनोळखी बाईच्या घरी पोहे खाऊन दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी आली, हे त्याच दमात सांगायचं नाही. मुद्दा कमजोर होतो.

आणि कुणी विचारलंच की शाळेत तर फोन न्यायला बंदी आहे, मग याची सेफ्टी नेमकी कुठे होणार, तर विषय बदला. कारण हिशोब थोडा गमतीचा आहे. सकाळी सातला पोरगं स्कूलबसमध्ये बसतं, तिथल्या ताईकडे फोन असतो आणि बस कुठे पोचली ते पालकांच्या ग्रुपवर येत असतं. शाळेत ऑफिसमध्ये फोन असतो. दुपारी परत बस, खाली वॉचमन, वर आजी. संध्याकाळी क्लास, तो समोरच्या बिल्डिंगमध्ये, बाल्कनीतून हाक मारली तर ऐकू जाते. म्हणजे सेफ्टीसाठी घेतलेला फोन दिवसभर घरात चार्जिंगला सेफ असतो आणि पोरगं घरी येऊन दार लावून बसलं की मग त्याला खरी सेफ्टी मिळायला सुरुवात होते.

इथे एखादा आगाऊ माणूस नक्की म्हणणार की मग साधा बटणाचा फोन द्या ना. या माणसापासून लांब राहा. बटणाचा फोन हजार-दोन हजारात मिळतो, कॉल लागतो, कॉल येतो, बॅटरी कितीतरी दिवस जाते, पडला तर उचलून परत खिशात. म्हणजे तुम्ही सेफ्टीच्या नावाखाली जे जे मागत होतात ते सगळं आणि तेवढंच तो करतो, आणि हीच त्याची अडचण आहे. तो हातात दिला तर पोरगं रविवारी दुपारी अडीच तास गप्प कसं बसणार? आणि क्लासमधली पोरं हसतील ते वेगळंच. पोरांचं एक वेळ ठीक आहे हो, त्यांचे आईबाप हसतील त्याचं काय.

कारण "सगळ्यांकडे आहे". हे वाक्य पोराने म्हटलं की वयाचा प्रश्न निकालात निघतो. सगळे म्हणजे कोण कोण हे विचारू नका, चौकशी केलीत तर दोघं निघतील आणि त्यातला एक कांदिवलीचा मावसभाऊ असेल जो तसाही अकरावीत आहे. पण बिल्डिंगमध्ये हे प्रकरण कसं चालतं ते बघण्यासारखं असतं. बी विंगमधल्या आईने दिला कारण ए विंगमधल्या मुलाकडे होता, ए विंगवाल्यांनी दिला कारण त्यांना वाटलं बी विंगमधल्या मुलीला मिळालाय, प्रत्यक्षात ती आईचा फोन घेऊन खाली आली होती गणपतीच्या डान्सचं गाणं लावायला. आता दोन्ही घरं एकमेकांकडे बोट दाखवतात, आमची इच्छा नव्हती हो पण तुमच्यामुळे. तुम्ही तिसरे व्हा. लिफ्टमध्ये बोलायला विषय होतो.

जबाबदारीची जाणीव आली का ते बघा असंही पुस्तकी लोक सांगतात. बघू नका. ज्याच्या पाण्याच्या बाटल्या, एक स्वेटर आणि डाव्या पायाचा बूट शाळेच्या हरवलं-सापडलंच्या खोक्यात पडून आहेत त्याची जबाबदारी तपासायला गेलात तर तो लग्नाच्या वयाचा होईपर्यंत फोन मिळणार नाही. आणि त्या कसोटीला बाबा तरी कुठे उतरतात, छत्र्यांचा विषय काढू का?

फोन दिलात की पहिल्या रविवारी नियम करा. हे फार महत्त्वाचं आहे. कागदावर लिहायचे, पोराची सही घ्यायची, फ्रिजवर मॅग्नेटने लावायचे आणि फोटो काढून स्टेटसला ठेवायचा. जेवताना फोन नाही, रात्री नऊनंतर फोन हॉलमध्ये, बाथरूममध्ये तर अजिबात नाही. या कागदावर मोठ्यांची सही घ्यायची नसते हे मुद्दाम सांगतो, काही नवखे पालक भावनेच्या भरात तेही करून बसतात. मोठ्यांसाठी "ऑफिसचं आहे" ही सोय राखून ठेवलेली असते. रात्री पावणेदहाला बाबा गॅलरीत उभे राहून एक माणूस चाळीस अंड्यांची बुर्जी कशी करतो ते बघत असतील तर ते ऑफिसचं आहे. आई पोळी लाटता लाटता मध्येच पिठाच्या बोटाने साडीच्या लाईव्हवर "पीपी", म्हणजे प्राइस प्लीज, टाइप करत असेल तर तेही ऑफिसचंच, तिचं ऑफिस नसलं तरी. आजोबा फुल स्पीकरवर कुठल्या तरी डॉक्टरचं कारल्याच्या रसाबद्दलचं भाषण ऐकतात, त्यांना कोण बोलणार, ते रिटायर्ड आहेत. पोराने मान वर करून नुसतं बघितलं तरी लगेच म्हणायचं, उलट बोलायचं नाही.

सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचं वडगाव तुम्ही बातम्यांमध्ये ऐकलं असेल. २०२२ मध्ये त्या गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजणार, मग दीड तास सगळ्यांनी मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवायचा, पोरांनी अभ्यास करायचा, बाकीच्यांनी वाचायचं नाहीतर गप्पा मारायच्या. कल्पना चांगली आहे, पण मुंबईत चालणार नाही. सातला आपली निम्मी माणसं लोकलमध्ये लटकलेली असतात आणि दुसऱ्या हातात काय असतं ते सांगायला नको. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठेवून बघा पाहिजे तर, पार्किंग आणि पाण्याची गळती संपून तुमच्या भोंग्यावर येईपर्यंत सगळे फोनमध्ये डोकं घालून बसलेले असतील आणि ठराव हात वर न होता पास होईल. शिवाय त्या भोंग्यात एक मूलभूत चूक आहे, तो मोठ्या माणसांनाही लागू आहे. असं कुठे असतं का? सवय पोराला लावायचीये ना?

त्यापेक्षा पेरेंटल कंट्रोल टाका, त्यात आपल्याला काही करावं लागत नाही. गुगलचं फॅमिली लिंक आहे, आयफोनवर २०१८ पासून स्क्रीन टाइम आहे. ते सेट करायला तुम्हाला जमणार नाही, तेव्हा पोरालाच बसवा. तो दहा मिनिटांत दोन्ही फोन जोडून देईल, कुठे काय दाबायचं ते दाखवेल आणि पासवर्ड पण सुचवेल, लक्षात राहायला सोपा, त्याचाच वाढदिवस. मग तुम्ही मीटिंगमध्ये असताना त्याची रिक्वेस्ट येईल, अजून वेळ पाहिजे, आणि तुम्ही टेबलाखाली न वाचता अप्रूव्ह कराल कारण नाही म्हटलं तर तो फोन करणार आणि बॉस समोर बसलाय. याला डिजिटल पालकत्व म्हणतात. सरकारने करून बघितलंच की, २०२० च्या जून अखेरीला टिकटॉक बंद केलं आणि जुलैचा दुसरा आठवडा लागेपर्यंत इन्स्टावर रील्स हजर. मधल्या त्या दिवसांत लोक एकमेकांशी बोललेसुद्धा असतील, पण तेव्हा लॉकडाऊन होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

एक दिवस पोरगं विचारेल, तुम्हाला पहिला फोन कधी मिळाला? ही संधी सोडू नका. पाय वर घेऊन बसा. देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला, तिथपासून सुरू करा. मग इनकमिंगला पैसे पडायचे ते २००३ मध्ये बंद झाले, त्याआधी लोक नंबर बघून कट कसे करायचे, एक मिस कॉल म्हणजे पोचलो आणि दोन म्हणजे खाली ये, एक रुपयाच्या नाण्यावर बोलायचा तो पीसीओचा डबा, मागे रांग, आणि क्लासहून घरी यायला उशीर झाला तर आई फार तर गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची, सगळं सांगा. पोरगं ऐकून घेईल. मग म्हणेल की मग आजीला भीती नाही वाटायची का. यावर काय उत्तर द्यायचं ते मला विचारू नका, मी फक्त फोन कधी द्यायचा तेवढंच सांगतो.

बाकी काय, कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास लावून घ्या. स्टेशनबाहेर कुणीही लावून देतो, पण फुगे राहतात. पोराला घरीच लावायला सांगा, त्याने व्हिडिओ बघितलेला असतो, आणि हात लागलाच आहे तर तुमच्या नव्या फोनलाही लावून घ्या. तेवढा वेळ फोन त्याच्या हातात द्यावा लागेल. लॉक काय आहे ते सांगायची गरज नाही.