रंग कुठून आले, ते सांगते

काका (वय ७१ हे तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका),

नौपाड्यातल्या आमच्या घरावरचा लेख वाचून तुम्ही चांगलंच झापलंत. पांढऱ्याशुभ्र जुन्या घराची सर्कस केली, सागवानी दाराला हिरवा ऑइलपेंट फासला, आणि इमारत उद्या रीडेव्हलपमेंटला जाणार असताना हा खर्च म्हणजे मूर्खपणा. चौथा मुद्दा भिंतीच्या ओलीचा. तो शेवटी घेते, कारण तो झोंबलाय.

दाराचं आधी. हिरवं दार स्वयंपाकघराचं, ते साधं फ्लश डोअर, नंतर कुणीतरी बसवलेलं. सागवान आहे ते बाहेरच्या दाराला आणि हॉलच्या खिडक्यांना, आणि त्यांच्यावरचा ऑइलपेंट उलट मी काढायला लावला. तोही कोरडा न घासता, पाणी मारत मारत, कारण घरात दोन वर्षांचं पोर आहे आणि जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. आमची इमारत १९६१ ची, तेव्हा त्याआधीचे किती हात बसले असतील बघा. खालून निघालेल्या लाकडाला फक्त फ्रेंच पॉलिश केलंय.

आता पांढरं घर. हॉलमधला स्विचबोर्ड काढला तेव्हा मागे वीतभर भिंत उघडी पडली. ब्लेडनं खरवडत गेले. वर क्रीम, मग गुलाबी डिस्टेंपर, पिस्ता, मग नीळ घातलेला चुना, आणि अगदी खाली गिलाव्याला चिकटलेला पांढरा. म्हणजे घर पांढरं होतं खरं, पण एका थरापुरतं. आणि त्या काळाला रंगाचं वावडं होतं असंही नाही. चंदिगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएनं १९३१ मध्येच भिंतींसाठी ४३ रंग काढले होते, १९५९ मध्ये त्यात आणखी २० घातले.

पण माझे रंग त्याचे नाहीत, फरशीचे आहेत. काँट्रॅक्टर पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘मॅडम, वरूनच व्हिट्रिफाइड टाइल्स टाकू, दोन दिवसांचं काम.’ नको म्हटलं. पॉलिशवाला मशीन घेऊन आला. पहिल्या हातानंतर राखाडी चिखल वायपरनं ओढला आणि उकिडवी बसून बघते तर ओल्या मोझॅकमध्ये खडी उठून दिसत होती! विटकरी, मोहरीच्या फेसासारखी पिवळी, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. सासरची माणसं साठ वर्षं हिला ‘राखाडी फरशी’ म्हणत आली. मग शेडकार्ड जमिनीवर ठेवूनच जुळवलं: विटकरी हॉलच्या भिंतीला, हिरवा त्या दाराला, पिवळा भिंतीतल्या कपाटाला. रंग पुढच्या वर्षी बदलता येईल. जागेवर ओतलेला, मध्ये काचेच्या पट्ट्या घातलेला तो मोझॅक फोडला असता तर परत कुठून आणणार होते?

रीडेव्हलपमेंटची चर्चा मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. होईल तेव्हा होईल. सागवानी दार आणि खिडक्या काढून नेता येतात.

आता ओल. ‘चुन्याच्या भिंतीला प्लॅस्टिक फासलंत, पावसाळ्यात कळेल,’ असं तुम्ही लिहिलंत. कळलं. घर तळमजल्याचं, जुलैत विटकरी भिंतीला खालून हातभर उंचीपर्यंत फुगे आले. एक बोटानं दाबला तर पापुद्रा फाटला आणि ओलसर पांढरी भुकटी हाताला लागली. आधी चुन्यातून ती ओल सुकून जायची. मी वर पुट्टी आणि ॲक्रिलिक इमल्शन चढवून तिची वाट बंद केली, मग आत साठलेल्या क्षारांनीच रंग उचलला. पेंटरनं सुचवलं होतं आणि मी मान डोलावली होती, म्हणजे चूक माझीच.

पाऊस थांबला, भिंत वाळली की ती खालपर्यंत खरवडून पुन्हा चुनाच लावणार आहे. विटकरी मात्र सोडणार नाही, चुन्यात काव मिसळणार. तुमचे वडील दर दिवाळीला पिंपात चुना भिजवायचे, असं लिहिलंय तुम्ही. ते त्यात डिंक घालायचे की सरस, आणि बादलीला साधारण किती? आठवत असेल तर कळवा.