हंपी चुकली म्हणून दिव्या जिंकली?

बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणाऱ्या दिव्या देशमुखचा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतंच, "हंपी चुकली म्हणून जिंकली हो!" काल एका ग्रुपवर पुन्हा तेच वाचलं आणि राहवलं नाही.

अहो, बुद्धिबळात कुणी चुकल्याशिवाय डाव निकाली निघतो का? दोघंही अचूक खेळले तर बरोबरीच. समोरचा चुकेपर्यंत तुम्ही त्याला किती छळलंत, सगळा खेळ तिथेच असतो.

जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी, विश्वचषकाची अंतिम फेरी. नागपूरची १९ वर्षांची पोरगी, १५वं मानांकन, ग्रँडमास्टर या सर्वोच्च किताबासाठी लागणारा एकही नॉर्म (पात्रतेचा टप्पा) नाही. समोर कोनेरू हंपी, जी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. दोन्ही क्लासिकल (संथ, लांब वेळेचे) डाव बरोबरीत. पहिल्यात तर दिव्याच्या हाताशी आलेला विजय निसटला. मग रॅपिड टायब्रेक, म्हणजे कोंडी फोडायला कमी वेळेचे जलद डाव, आणि रॅपिडची जगज्जेती तेव्हा कोण? हंपीच! तिथलाही पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. पहिली चाल पांढऱ्याची, त्यामुळे काळ्याने बरोबरी साधली तरी कुणी नावं ठेवत नाही. पण ही खेळत राहिली, हंपीचं घड्याळ सरत गेलं आणि मग ती 'चूक' झाली.

त्याआधीचा, उपांत्य फेरीतला दुसरा डाव कुणी बघितलाय? माजी जगज्जेती तान झोंगयीविरुद्ध १०१ चाली! मध्येच जिंकत आलेला डाव हातचा जाऊन बरोबरीकडे झुकला होता. डोकं बधिर झालेलं, घड्याळात प्रत्येक चालीमागे मिळणाऱ्या ३० सेकंदांचाच काय तो आधार. अशा वेळी भलेभले बरोबरीसाठी हात पुढे करून मोकळे होतात. हिने पुन्हा पहिल्यापासून प्यादी ढकलायला घेतली.

आणि आपल्याकडे? वयोगटाच्या स्पर्धेत हॉलबाहेर उभं राहून बघा. पालक मोबाइलवर रेटिंगचा हिशोब करत असतात आणि पोराला आत सोडताना कानात सांगतात, "आज ड्रॉ घेऊन टाक, पॉइंट जायला नकोत." पोरगं पंधराव्या चालीलाच ड्रॉ मागतं. ओपनिंग (डावाची सुरुवात) वीस चालींपर्यंत तोंडपाठ, पण हत्ती-प्याद्यांचा साधा एन्डगेम (डावाचा शेवटचा टप्पा) आला की तोंडाला फेस. येणार कुठून? तिथवर पोराला कुणी जाऊच दिलेलं नसतं.

कोण वरचढ आहे ते दाखवणारा, इंजिनचा (बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रॅमचा) तो वरखाली होणारा पट्टा बघून "अरेरे, काय घालवलं!" म्हणणं सोपं आहे हो. हंपी आणि तानविरुद्धचे हे दोन्ही डाव नेटवर फुकट मिळतात. इंजिन बंद ठेवून एकदा खेळून बघा, मग कमेंटमध्ये भांडायला या.