'दुसरा गाल पुढे कर' म्हणजे भित्रेपणा? त्या फॉरवर्डला उत्तर

इस्टर जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ग्रुपवर आला, त्यातला एक तर आमचा घरचाच ग्रुप. थोडक्यात म्हणणं असं की येशूची प्रेमाची शिकवण म्हणजे दुबळेपणाची शिकवण, एका गालावर बसली की दुसरा पुढे करा आणि मार खात राहा. चर्चमधला पाय धुण्याचा कार्यक्रम फोटोपुरता. शाळा-दवाखाने काढले ते निव्वळ धर्मांतरासाठी. नम्रता ही गरिबाला गप्प बसवायची युक्ती. आणि शेवटी, यात नवीन काय, आमच्या संतांनी हे आधीच सांगून ठेवलंय. एकेक घेते. काही ठिकाणी फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे, तिथे तसं सांगेन.

आधी गालाचं. मत्तयने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातलं, पाचव्या अध्यायातलं ते वाक्य ज्यांनी बायबल उघडलेलंही नाही त्यांनाही पाठ असतं, पण ज्याने ते सांगितलं त्यालाच खरोखर थोबाडीत बसली तेव्हा त्याने काय केलं हे कोणी बघत नाही. योहानने लिहिलेल्या चरित्राच्या अठराव्या अध्यायात आहे. येशूला बांधून आणलंय, चौकशी चालू आहे, आणि एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो, महायाजकाला असं उत्तर देतोस का म्हणून. येशू हात उगारत नाही, पण गप्पही बसत नाही. तो म्हणतो, मी चुकीचं बोललो असेन तर काय चुकलं ते सांग, आणि बरोबर बोललो असेन तर मला मारलंस का? भर चौकशीत, सगळ्यांदेखत, मारणाऱ्यालाच जाब. आता याला भित्रेपणा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

येशूची शिकवण गावोगाव सांगत फिरणाऱ्या पौलाचंही तसंच. फिलिप्पै गावात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला कसलीही चौकशी न करता लोकांसमोर फटके मारून तुरुंगात टाकलं, सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला की सोडून द्या यांना, तर पौल म्हणाला आम्ही रोमी नागरिक आहोत, उघड उघड मारलंत आणि आता गुपचूप बाहेर काढताय होय, ते काही नाही, त्यांनी स्वतः यावं. आणि ते आले! बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सोळावा अध्याय, कोणीही वाचू शकतं.

आपल्याच देशातलं उदाहरण हवं असेल तर ओडिशातलं बारिपदा. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स तिथे १९६५ पासून कुष्ठरोग्यांमध्ये काम करत होते. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात रात्री गाडीत झोपलेले असताना त्यांना आणि त्यांच्या दोन मुलांना जिवंत जाळलं. मुलगे दहा आणि सहा वर्षांचे. बायको ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं, ते सगळीकडे छापून आलं. पण केस थांबली का? नाही. खटला चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली. क्षमा केली म्हणजे 'काही झालंच नाही' असं म्हटलं असं होत नाही. आणि त्या ऑस्ट्रेलियाला लगेच निघूनही गेल्या नाहीत, पुढची काही वर्षं तिथेच राहून त्याच रुग्णांचं काम बघत होत्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथे एक मात्र कबूल करायलाच हवं. हेच वाक्य वापरून नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'सहन कर, प्रभूने पण सहन केलं' असं सांगणारे पाळक (चर्चचे पास्टर) आणि नातेवाईक आहेत. ते चूक आहे, साफ चूक. स्वतःवर आलेल्या अपमानाचा सूड घ्यायचा नाही हे एक, आणि दुसऱ्याला मार खायला लावायचा हे वेगळंच. दुसऱ्याचा गाल पुढे करायला कोणी सांगितलेलं नाही.

पाय धुण्याच्या बाबतीत फॉरवर्डवाल्याला अर्धे मार्क द्यायला मी तयार आहे. पवित्र गुरुवारी, म्हणजे इस्टरच्या आधीच्या गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून चर्चमध्ये बारा जण ठरवून बसवतात, ते घरून पाय स्वच्छ धुऊन, नवीन सॉक्स घालून आलेले असतात, फादर पाणी ओततात, टॉवेल लावतात, फोटो निघतात. हसू येतंच. पण मूळ प्रसंग बघा ना. त्या काळी रस्ते धुळीचे, पायात चपला, आणि आलेल्याचे पाय धुणं हे घरातल्या नोकराचं काम, तेही सगळ्यात खालच्या. जेवण चालू असताना गुरूच उठतो, अंगरखा काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि एकेकाच्या पायाशी बसतो. पेत्र नावाच्या शिष्याला ते सहनच होत नाही, तो म्हणतो माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. मला हा पेत्र फार ओळखीचा वाटतो, कारण आपल्याकडेही साहेबाने स्वतः चहाचे कप विसळले की सगळ्यात आधी अवघडतो तो त्याचा असिस्टंट. गुरू खाली बसला की चेल्याची पण पायरी घसरते ना.

आणि त्या बारा जणांत यहूदा आहे. गुरूला धरून देण्याचं त्याच्या मनात ठरलंय, येशूला ते माहीत आहे, आणि यहूदा बाहेर पडतो तो पाय धुऊन झाल्यावर. म्हणजे त्याचेही धुतले. दगा देणार हे कळल्यावर त्याचे पाय हातात घ्यायचे यात देखावा कुठे आहे मला सांगा, आणि बघायला तिथे पब्लिक पण नव्हतं, खोलीत आपलीच माणसं. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुसलमानही होते, तेव्हा नाकं मुरडली ती चर्चच्या आतल्याच लोकांनी, कारण तोपर्यंत नियम फक्त पुरुषांचा होता. तो २०१६ मध्ये बदलला. देखाव्यासाठी कोणी आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेत नाही.

आता धर्मांतर. हा मुद्दा मोठा आहे, एका वाक्यात उडवून लावण्यासारखा नाही, आणि जे लोक 'असं कधी झालंच नाही' म्हणतात तेही खोटं बोलतात. दुष्काळात पोटासाठी बाप्तिस्मा घेतलेले, म्हणजे ख्रिस्ती झालेले लोक होते, खुद्द मिशनऱ्यांनीच त्याबद्दल कुरकुर केलेली आहे. पण फॉरवर्डचा दावा 'काही वेळा' असा नाहीये, 'फक्त त्यासाठीच' असा आहे, आणि तो टिकत नाही.

शिकवणीपासूनच बघू. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटारूंच्या हाती सापडतो, अर्धमेला पडतो, याजक बाजूने निघून जातो, लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तो पण जातो, आणि थांबतो तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी बाटलेला, ज्याच्याशी व्यवहार नको असा. तो जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दोन नाणी देतो आणि म्हणतो जास्त लागले तर येताना देईन. त्या जखमी माणसाला तो नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, आम्हा शोमरोन्यांच्या पवित्र डोंगरावर उपासनेला ये असंही म्हणत नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले त्यातला एकच परत आला, पण म्हणून त्याने बाकी नऊ जणांचा रोग काही परत आणला नाही. आणि मत्तय तेविसावा अध्याय फॉरवर्डवाल्याने जरूर वाचावा, एक माणूस आपल्या मतात आणायला तुम्ही समुद्र आणि जमीन पालथी घालता आणि मग त्याला तुमच्यापेक्षाही वाईट करून ठेवता, हे परूशांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी कर्मठांना, येशूनेच सुनावलंय.

महाराष्ट्रातलं बोलायचं तर पंडिता रमाबाईंशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला गेलं, विधवा मुलींसाठी. १८९३ मध्ये वाद पेटला, मुली ख्रिस्ती झालेल्या बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून, केसरीने झोडलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कोणाला बोलावत नाही पण माझ्या खोलीचं दार बंदही करणार नाही. यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या, विकल्या जाणाऱ्या मुलींना गाड्या भरून पुण्याजवळच्या केडगावला आणणारी तीच बाई, आणि तिथे विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी शिकवण्याची सोय, टाकून दिलेल्या बायकांसाठी वेगळं घर हे सगळं उभं राहिलं. त्यांना घेऊन जायला दुसरं कोण आलं होतं? हा प्रश्न मी कुजकटपणे विचारत नाहीये, खरंच विचारतेय.

आणि जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा बघून आले, १८४८ मध्ये स्वतः मुलींची शाळा काढली, आणि ख्रिस्ती झाले नाहीत ते नाहीतच. मिरजेचं वान्लेस हे मिशन हॉस्पिटल १८९४ चं. तिथून बरे होऊन गेलेले सगळे बाप्तिस्मा घेऊन गेले असते तर सांगली जिल्हा आज वेगळाच दिसला असता.

नम्रता गरिबांना गप्प बसवायला? कोणाला सांगितली ते बघा. याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूकडे येऊन म्हणतात, तुमच्या राज्यात आम्हाला उजव्या-डाव्या हाताच्या खुर्च्या पाहिजेत. बाकीचे दहा चिडतात, कारण खुर्च्या त्यांनाही पाहिजेत. तेव्हा येशू म्हणतो, राज्य करणारे लोक प्रजेवर धनीपण चालवतात, तुमच्यात तसं नको, मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. हे खुर्ची मागणाऱ्यांना सांगितलंय, मजुराला नाही. चर्चमध्ये हे पाळलं जातं का, तर बऱ्याच ठिकाणी नाही, तमिळनाडूत दलित ख्रिस्ती लोकांना मेल्यावरही वेगळी दफनभूमी देणारी गावं आहेत, याहून लाजिरवाणं काय असणार. पण त्यासाठी फॉरवर्डची गरज नाही, ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत श्रीमंत लोक आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे म्हणून पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यांची खरडपट्टी काढलेली आहे, अकरावा अध्याय.

राहिला शेवटचा, 'आमच्या संतांनी आधीच सांगितलंय'. 'आधीच' म्हणण्यात कालगणना जरा गंडलीये, पण ते सोडून देऊ. शेजाऱ्यावर प्रीती कर हे तर येशूनेही यहुद्यांच्या नियमशास्त्रातूनच घेतलंय, ते नवीन आहे असा त्याचा दावा नाही. आणि ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर स्वतःच सांगायचे की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. ज्याला रंजल्यागांजल्यांना आपलं म्हणायचं ते तुकोबांकडून कळलंय त्याने तिथूनच घ्यावं, माझी काही हरकत नाही, या मुद्द्यावर मला भांडायचंच नाहीये.