दुसऱ्याच्या मजकुरावर आपली पाटी

‘परदेशी कंपनीने सीमाभागातल्या मराठी अ‍ॅपचा गळा घोटला.’ बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या हे वाक्य फिरतंय. दर दोन दिवसांनी कुणीतरी ते मला पाठवतं आणि खाली लिहितं, ‘तुम्ही तिकडे परदेशातच आहात, जरा जाब विचारा की.’ मी जाब विचारणार नाही. कंपनीचं बरोबर आहे आणि आपलं चुकलंय असं माझं स्पष्ट मत आहे. ते दोन ओळींत मावत नाही, म्हणून हा लेख.

झालं ते असं. खानापूर आणि बेळगावच्या काही मुलांनी, त्यात माझा सख्खा भाचाही आला, आपल्या भागातल्या बघण्यासारख्या ठिकाणांचं मराठी अ‍ॅप केलं. हलशी, राजहंसगड, गोकाकचा धबधबा, बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती, नंदगडची संगोळ्ळी रायण्णांची समाधी. कल्पना उत्तम. मजकूर मात्र स्वतः लिहिला नाही. प्रवासाची पुस्तकं काढणाऱ्या एका परदेशी प्रकाशकाच्या एपीआयमधून, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडून माहिती मागवायच्या सोयीतून, तो घेतला. डेव्हलपरने हा मजकूर कसा वापरावा याच्या अटी प्रकाशकाने आधीच दिल्या होत्या आणि मुलांनी त्या मान्य करूनच चावी, म्हणजे ती सोय वापरायचा संकेतशब्द, घेतली होती. मजकुराशेजारी प्रकाशकाचं नाव आणि मूळ पानाचा दुवा हवा. शब्दांत फेरफार नको. परवानगीशिवाय भाषांतर नको. मुदतीपलीकडे मजकूर आपल्या सर्व्हरवर साठवायचा नाही. मुलांनी सगळा मजकूर एका झटक्यात उतरवून घेतला, मशीनकडून मराठी करून घेतला, प्रकाशकाचं नाव काढून टाकलं आणि जिथे जिथे ‘बेळगावी’ होतं तिथे ‘बेळगाव’ घातलं. प्रकाशकाने चावी बंद केली. लगेच आरोळी उठली: मराठीची गळचेपी!

गळचेपी म्हणजे काय ते सीमाभागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. २०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूरला ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ ही पाटी उखडली गेली आणि पाठोपाठ गावावर लाठ्या पडल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, ज्या दिवशी आपण काळा दिन पाळतो नेमक्या त्याच दिवशी, सरकारी कागदावरून ‘बेळगाव’ गेलं आणि ‘बेळगावी’ आलं. १९५६ पासून हेच चालू आहे आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. हे सगळं खरं आहे. पण त्या लाठ्या आणि एका प्रकाशकाने बंद केलेली चावी यांना एकाच शब्दात बसवणं हा येळ्ळूरकरांचा अपमान आहे. आपल्या दुःखाचं नाव इतकं स्वस्त करू नका.

अ‍ॅप मी उघडून पाहिलं. बेळगाव शहराच्या पानावर असं वाक्य होतं: ‘२०१४ मध्ये शहराचं नाव बेळगाववरून बदलून बेळगाव करण्यात आलं.’ सरसकट शोधा-आणि-बदला चालवलं की असंच होणार. मूळ पानांच्या पत्त्यांतही देवनागरी घुसल्यामुळे दुवे उघडत नव्हते, ते वेगळंच. पण ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला मनापासून वाईट वाटलं. आपलं गाव कधीही न पाहिलेल्या हजारो वाचकांसाठी एका परक्या लेखकाने नोंद करून ठेवली होती की या गावाचं नाव बदललं गेलं. आपल्या तक्रारीचा तो पुरावा होता. तो आपल्याच मुलांनी आपल्याच हाताने पुसला.

फेरफार करू नये ही अट मला म्हणूनच अगदी आपली वाटते. लिहिणाऱ्याने जे नाव लिहिलं ते तसंच राहू द्यावं, वर रंग फासू नये, एवढंच तर ती म्हणते. पाट्यांवर डांबर फासलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना ती कळायला वेळ लागू नये.

आता साठवणुकीचं. मी इथे बेल्जियममधल्या ल्युव्हेनमध्ये प्रवासाच्याच अ‍ॅपवर काम करतो, त्यामुळे ही अट माझ्या रोजच्या जेवणातली आहे. गूगलच्या नकाशावरून एखाद्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश घेतले तर तीस दिवसांवर ठेवता येत नाहीत. त्या ठिकाणाचा ओळखक्रमांक तेवढा कायमचा ठेवता येतो, म्हणजे हवं तेव्हा ताजी माहिती मागवता येते. घरच्या लोकांना हा जाच वाटतो. पण खानापूरच्या जंगलाचाच विचार करा. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. जिथे आमच्या लहानपणी कुणीही उठून जायचं तिथे आज वनखात्याला विचारल्याशिवाय जाता येत नाही, आणि नियम हंगामागणिक बदलतात. २०२३ च्या जुलैत बंदी असताना दूधसागरला रुळांवरून निघालेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. पुण्याहून निघालेल्या माणसाच्या फोनात दोन वर्षांपूर्वी उतरवलेला मजकूर असेल, तर वाट बंद झाल्याचं त्याला कळणार कसं? प्रकाशकाने आपलं पान सुधारलेलं असतं. तुमच्या साठ्यात जुनंच पडलेलं असतं, आणि त्याच्या जिवावर माणूस धबधब्याखाली उभा राहतो.

यावर भाच्याने जे उत्तर दिलं ते मी प्रामाणिकपणे इथे देतो. ‘मामा, जांबोटी सोडली की रेंज जाते. कणकुंबीला पोचेपर्यंत एक पान उघडत नाही. साठवायचं नाही तर अ‍ॅप काय घरात बसून बघायचं?’ हा मुद्दा खरा आहे. या अटी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चोर्ला घाट नसतो. इथे तळघरातल्या देलेझ सुपरमार्केटमध्ये रांगेत उभं असतानासुद्धा माझा फोन चालतो. तरी मी म्हणेन, अट जाचक असेल तर प्रकाशकाला पत्र लिहा, ऑफलाइन वापराची परवानगी मागा, पैशांचं बोला. नाही म्हणाले तर दुसरीकडून मजकूर घ्या. आधी उतरवून घ्यायचं आणि पकडल्यावर भाषेचा झेंडा पुढे करायचा, हे बरं नाही.

‘तुमच्याकडे सगळं गोडीगुलाबीनं चालतं, म्हणून तुम्हाला नियम सुचतात,’ असंही मला ऐकवलं गेलं. बेल्जियममध्ये? १९६३ मध्ये भाषेची सीमा आखताना व्हूरेनची सहा गावं फ्रेंच भाषक लिएज प्रांतातून काढून डच भाषक लिंबर्गला जोडली. ते भांडण इतकं चिघळलं की १९८७ मध्ये त्यापायी केंद्रातलं सरकार पडलं. मी राहतो त्या गावचं विद्यापीठ १९६८ मध्ये भाषेवरून दुभंगलं आणि फ्रेंच भाषकांना नवं गाव वसवून जावं लागलं. ग्रंथालयाची वाटणी करताना सम क्रमांकाची पुस्तकं एकाला आणि विषम दुसऱ्याला दिली. हेच ग्रंथालय जर्मनांनी १९१४ मध्ये आणि पुन्हा १९४० मध्ये जाळलं होतं. त्या इमारतीवरून सायकलने जाताना मला कर्नाटकाने बेळगावात बांधलेली सुवर्ण विधानसौध आठवते, नेहमी आठवते.

फरक पडतो तो पुढे. २०२४ मध्ये डच भाषक भागातल्या व्हिल्व्होर्डेच्या आसपास रेल्वेगाडीत कंडक्टरने डच नमस्काराबरोबर फ्रेंच ‘बोंजूर’ही म्हटलं म्हणून एका प्रवाशाने भाषा आयोगाकडे तक्रार केली. पेपरांत रकाने भरले, गाड्या मात्र धावत राहिल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत बाळेकुंद्रीजवळ मराठीत उत्तर दिलं नाही म्हणून कर्नाटकच्या बसकंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या. माझी आई तेव्हा कोल्हापूरला मावशीकडे अडकून पडली. तिच्या औषधांची गोळाबेरीज मी इथे बसून फोनवर करत होतो. मराठीसाठी हात उचलणाऱ्यांनी माझ्या मराठी आईची सोय पाहिली नाही. हे मला बोलायचंच होतं.

नावांचंही तसंच. ई-चाळीस महामार्गावरून जाताना फ्लेमिश, म्हणजे डच भाषक भागातल्या, पाट्यांवर ‘लाउक’ दिसतं आणि फ्रेंच भाषक वालोनियात शिरलं की तेच गाव ‘लिएज’ होतं. ब्रुसेल्समध्ये रस्त्याची दोन्ही नावं एकाच पाटीवर असतात, आणि ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या मोकळ्या नकाशाच्या नोंदीतही ती दोन्ही शेजारीशेजारी लिहिली जातात. त्या नकाशाचा नियम सरळ आहे. जागेवरच्या पाटीवर जे असेल ते मुख्य नाव, आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळा रकाना. मराठीचा आहे, कन्नडचा आहे. मराठी रकान्यात ‘बेळगाव’ भरा आणि तुमचं अ‍ॅप तोच रकाना दाखवू द्या. कन्नड वाचणाऱ्याला त्याचं नाव दिसेल, तुम्हाला तुमचं, आणि कुणाच्या मजकुराला बोट लागणार नाही. हा नकाशा फोनात साठवायलाही परवानगी आहे, श्रेय तेवढं द्यायचं. विकिपीडियासारखं मोकळं प्रवासाचं मार्गदर्शक असलेल्या विकिव्हॉयेजचा मजकूर तर उतरवता येतो, बदलता येतो, भाषांतरही करता येतं. अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि आपला मजकूर त्याच परवान्याखाली इतरांना मोकळा ठेवायचा. रस्ता उघडा होता, फुकट होता, आणि आपली पोरं कुंपण ओलांडून गेली.

भाच्याने माझ्यावर इथलंच एक उदाहरण फेकलं, आणि ते लपवणं बरोबर नाही. इथल्या एका विद्यार्थ्याने रेल्वेच्या वेळा मोबाइलवर दाखवणारं आयरेल काढलं. २०१० मध्ये रेल्वेने वेळापत्रकावर हक्क सांगत ते बंद करायला सांगितलं. लोक त्याच्या बाजूने उभे राहिले, स्वयंसेवकांनी काम उचललं, आणि आज आयरेल स्वतःच एपीआय देतं. स्टेशनांची नावं डच, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी, हवी त्या भाषेत मागा. ‘मग त्यांनी मोडलं ते चाललं?’ भाचा विचारतो. दोन्हींत फरक आहे. सात वाजून चार मिनिटांची गाडी ही वस्तुस्थिती आहे, आणि तीही सरकारी रेल्वेची. गोकाकच्या धबधब्याची उंचीही कुणाच्या मालकीची नाही. पण त्या कड्यावर भिजत उभं राहून कुणी चार वाक्यं लिहिली, तर ती वाक्यं त्याची. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही भाषांतराचा हक्क मूळ हक्कदारालाच देतो. आणि आयरेलचेही नियम आहेत: तुम्ही कोण ते प्रत्येक मागणीसोबत सांगा, आणि सर्व्हरवर तुटून पडू नका.

शेवटी भाचा म्हणाला, ‘मामा, तुम्हाला नियम परवडतात.’ ते वाक्य मला लागलं. दोन दिवस मी त्याला उत्तर दिलं नाही.

परवडतात, हे खरं. इथे खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, माझं नाव आहे, मी कर भरतो, नागरिकत्वासाठी ए-टूपर्यंत डच शिकलो आणि आता शनिवारच्या बाजारात भाजीवाल्याशी डचमध्येच बोलतो. कन्नड मी शाळेत शिकलो होतो, चांगले मार्कही पडायचे, पण बेळगावच्या खडेबाजारात कधी तोंडातून काढली नाही. हे खानापुरात वाचलं जाईल तेव्हा दोन्हीकडचे लोक चिडतील, मला ठाऊक आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर आहे. डचच्या घरी मी पाहुणा म्हणून आलो, कन्नड माझ्या घरात हुकूम घेऊन आली. तरीही रात्री झोप लागत नाही तेव्हा हे उत्तर मला पुरत नाही. माझ्या पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेलगाम’ आहे, इंग्रजांच्या स्पेलिंगचं. इथल्या फॉर्मवर यादीतून गाव निवडायचं असेल तर ‘बेळगावी’च असतं. माझी मुलगी शाळेत विचारलं की ‘भारत’ म्हणते आणि विषय संपवते. हलशीचा भूवराह नृसिंह तिने एकदा पाहिलाय, लहान असताना, माझ्या खांद्यावरून. त्या देवळाबद्दल मराठीत नीट लिहिलेलं एक पान तिला फोनवर दाखवता यावं ही माझी या अ‍ॅपकडून खरी अपेक्षा होती, आणि माझा राग इतका का वाढला त्याचं कारणही तेच. तिला दाखवायला मी पान उघडलं तर समोर मशीनचं मराठी, आणि लेखकाचं नाव नाही.

म्हणून मुलांना माझं सांगणं आहे की हे अ‍ॅप पुन्हा करा. हलशीबद्दल हलशीच्या माणसाने लिहावं, कणकुंबीबद्दल मलप्रभेच्या उगमापाशी ज्याचं घर आहे त्याने. प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव द्या. मग तुमचा स्वतःचा एपीआय काढा आणि अटीही तुमच्याच लिहा: श्रेय द्या, फेरफार नको, गावांची नावं आहेत तशी ठेवा. उद्या बंगळुरातल्या कुणी तुमच्या मजकुरातलं ‘बेळगाव’ पुसून ‘बेळगावी’ केलं, तर त्याची चावी बंद करायचा हक्क तुम्हाला असेल, आणि तेव्हा तुमच्या बाजूने जाब विचारायला मी पहिला उभा राहीन. आज तो हक्क दुसऱ्याला नाकारलात तर उद्या कुठल्या तोंडाने मागणार?

हलशीचं पान मला लिहू द्या, असं मी भाच्याला कळवलंय. त्याचं म्हणणं, आधी येऊन देऊळ पुन्हा बघा, मग लिहा. मला मान्य आहे. माझी अट एकच, पानाखाली नावापुढे गाव खानापूर लिहायचं, ल्युव्हेन नाही.